घाटापलीकडचा माणूस

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी बसने महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे फोटो, निरोप येत होते. सकाळी साडेनऊनंतर ते यायचे थांबले. पोलादपूर सोडून बस आंबेनळी घाट चढू लागली आणि दाभीळ टोकाजवळ खोल दरीत कोसळली. बसमधल्या ३१ जणांपैकी ३० जण गेले. एकटा वाचलेला माणूस दरी चढून रस्त्यावर आला, त्यानं फोन केला, तेव्हा कुठे बातमी घाटाबाहेर पडली.

पुढचे तास ज्यांनी सांभाळले ते सहलीच्या ग्रुपमध्ये नव्हते. वरून महाबळेश्वरचे ट्रेकर दोर घेऊन उतरले, खालून पोलादपूर-महाडचे लोक आणि पोलीस आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. घाटात कुणी अडकलं, कुणी पडलं, तर कुणी कुणाला कळवायचं आणि दोर कुणाकडे आहेत हे या ट्रेकर मंडळींमध्ये आधीपासून ठरलेलं असतं. म्हणून ती उतरू शकली.

महाड-पोलादपूर भागात आज बहुतेक वाडीचा, शाळेच्या तुकडीचा, बचत गटाचा, भजनी मंडळाचा ग्रुप आहे. त्यातले किती ग्रुप गरजेच्या वेळी उपयोगाला येतील, आणि जे येणार नाहीत ते यावेत म्हणून काय करायचं, हा या लेखाचा विषय. यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही. एक वही, एक संध्याकाळ आणि बोलायला न लाजणारी दोन-चार माणसं पुरतात.

पहिलं काम वहीचं. गेल्या वर्षभरात तुम्हाला खरोखर कुणी मदत केली ती नावं लिहून काढा. रात्री दवाखान्यात कोण आलं? दाखल्यासाठी तहसीलमध्ये कुणी रस्ता दाखवला? मुलाच्या नोकरीची खबर कुणी दिली? हातउसने पैसे कुणाकडून आले? मग प्रत्येक नावापुढे तो माणूस कुठला, हे लिहा. बहुतेकांच्या वहीत नव्वद टक्के नावं आपल्या भावकीतली नाहीतर आपल्याच वाडीतली निघतील. यात वाईट काहीच नाही, संकटात आधी धावून येतात ते हेच लोक. अडचण वेगळीच आहे. जे आपल्याला ठाऊक तेच त्यांना ठाऊक असतं. नवी खबर त्यांच्याकडून येणं अवघड.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, ज्यानं ही खबर दिली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्यांकडून खबर मिळाली असं सांगणारे १०० मागे १७ च्या आसपास निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी दिली होती. ओळख जुजबी, पण माणूस दुसऱ्या वर्तुळातला, म्हणून त्याच्याकडे नवं काही होतं.

आंबेनळीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे पटवून द्यायला न्यूटनला जावं लागत नाही. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खाली महाड शहर पाण्याखाली गेलं. वर किती पडतंय हे महाबळेश्वरात, मेटतळ्यात, कुंभरोशीत बसलेल्या माणसाला दिसत असतं. पण तो सातारा जिल्ह्यातला. त्याचा जिल्हाधिकारी वेगळा, पोलीस वेगळे, त्याचे पत्रकार वेगळे, त्याचे ग्रुपही वेगळे. आपल्या ग्रुपमधल्या दोनशे माणसांमध्ये घाटमाथ्यावरचा एकही नसेल, तर ते दोनशे जण एकमेकांना आपापल्या अंगणातला पाऊस सांगत राहतील. म्हणून वहीतली पहिली रिकामी जागा भरायची ती घाटापलीकडच्या माणसानं. हॉटेलवाला असो, स्ट्रॉबेरीवाला असो, टॅक्सीवाला असो. त्याला जाऊन भेटा, नंबर घ्या, आणि त्यालाही खालचा काय उपयोग होईल ते विचारा. देवाणघेवाण नसेल तर अशी ओळख दोन पावसाळेही टिकत नाही.

दुसरी रिकामी जागा रस्त्यावरच्या माणसांची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि त्यांच्याबरोबर आणखी माणसं नदीत गेली. पुलावर गेलेल्या गाड्यांचे दिवे अचानक दिसेनासे होतात, हे लक्षात आलं ते जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेल्या एका माणसाच्या. त्यानं पुढची वाहनं थांबवली, पोलिसांपर्यंत खबर पोचवली. आणखी किती गाड्या त्यामुळे वाचल्या याची मोजदाद कुणी करू शकत नाही. आता मनाशी विचारा: आपल्या गावाजवळच्या हमरस्त्यावरचा पंक्चरवाला, पेट्रोल पंपावरचा रात्रपाळीचा माणूस, धाबेवाला, यांच्यापैकी किती जण आपल्या गावच्या ग्रुपमध्ये आहेत? ‘तो बाहेरचा आहे’ म्हणून आपण त्याला घेत नाही. पण रात्री जागा असतो तो तोच.

या भागाला अशी पलीकडची माणसं जोडण्याचा मोठा वारसा आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, ती एका वर्तुळातल्या लोकांनी घडवलेली गोष्ट नव्हती. दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे गावोगावच्या लोकांना बांधून घेत होते आणि मुंबईत बाबासाहेबांशी बोलत होते. अनंतराव चित्रे आणि महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस जातीच्या भिंतीपलीकडून सोबत उभे राहिले. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, पण तो अमलात आला नव्हता. कागदावरच्या ठरावामागे माणसं उभी करायची तर गाव, मुंबई आणि नगरपालिका या तिन्ही ठिकाणी पाय असलेले लोक लागतात. मोऱ्यांसारखी माणसं आजही प्रत्येक गावात असतात. ती फार बोलत नाहीत, पण चार वेगवेगळ्या ठिकाणी त्यांचं येणंजाणं असतं. तुमच्या गावातला असा माणूस कोण, हे वहीत लिहाच. ग्रुपचा अ‍ॅडमिन बहुधा तोच असायला हवा, आणि बहुधा तो नसतो.

मुंबईकर मंडळांकडूनही शिकण्यासारखं बरंच आहे. महाड-पोलादपूरच्या कित्येक गावांची मुंबईत मंडळं आहेत. सुरत, बडोद्यालाही इथली माणसं पोटापाण्याला गेली. गावकीच्या खोलीत पथारीला पथारी लावून राहणारे चाकरमानी देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, वस्तीची एसटी असली कामं पत्रांवर आणि वर्गणीच्या वहीवर तडीस नेत. तिथे कामं वाटलेली असत. हिशेब एकाकडे, मंत्रालयातल्या खेपा दुसऱ्याकडे, मयताची खबर गावी पोचवायची जबाबदारी तिसऱ्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपनं ही वाटणीच मोडली. सगळ्यांना सगळं एकाच वेळी कळतं आणि प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी करेल. पाचव्या मिनिटाला पन्नास हात जोडलेले असतात, फोन मात्र कुणी लावलेला नसतो.

उपाय जुनाच आहे: नावानिशी काम. ग्रुपच्या माहितीच्या जागेत, जिथे आपण देवाचा फोटो आणि सुविचार टाकतो, तिथे चार ओळी लिहा. आजारपणात गाडी कोण आणणार, पोलीस पाटील आणि तलाठ्याला फोन कोण लावणार, घाटमाथ्यावर कोण बोलणार, मुंबईला कोण कळवणार. प्रत्येक कामाला दोन नावं, कारण एक माणूस नेमका त्याच दिवशी महाडला बाजाराला गेलेला असतो. आणि खबरीसाठी वेगळा ग्रुप करा, ज्यात फक्त ठरलेली माणसंच लिहू शकतील. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, राजकारण यांना जुना ग्रुप मोकळा राहू द्या. माणसं एकमेकांशी गप्पा मारतात म्हणून तर संकटात ओळख कामाला येते, त्यामुळे गप्पांवर बंदी घालण्याचा उत्साह मला योग्य वाटत नाही. फक्त दरडीची खबर सत्तर शुभेच्छांखाली दबता कामा नये.

खबर लिहायची कशी, याकडे आता येतो. पावसाळ्यात दरवर्षी फिरणारा निरोप साधारण असा असतो: ‘आंबेनळी घाटात दरड कोसळली आहे, कोणीही जाऊ नये, जास्तीत जास्त शेअर करा.’ कधी कोसळली? कुठे? कुणी पाहिली? रस्ता पूर्ण बंद आहे की एका बाजूनं वाहतूक चालू? यातलं काहीच नाही. म्हणूनच तो जुलैचा निरोप सप्टेंबरात पुन्हा फिरू शकतो. तोच असा लिहून पाहा: ‘१४ जुलै, सकाळी ७.४०. आंबेनळी घाट, पोलादपूरकडून जाताना रानबाजिरे धरणाच्या पुढे माती-दगड रस्त्यावर. मी स्वतः तिथे आहे. दुचाकी जाते, एसटी थांबली आहे. पोलादपूर पोलीस ठाण्याला ७.३५ ला कळवलं. पुढची खबर ९ वाजता.’ खाली नाव. (हा नमुना आहे, फिरवू नका.) शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. पुढची खबर कधी मिळणार हे कळलं की पंधरा जण फोन करून त्या माणसाची बॅटरी संपवत नाहीत. रस्ता सुरू झाला की ‘सुरू झाला’ हेही तितक्याच ठळकपणे कळवायचं. ते कळवायचं राहून जातं आणि पर्यटकांवर पोट असलेल्या वरच्या-खालच्या टपऱ्या दोन दिवस ओस पडतात.

आकड्यांच्या बाबतीत आणखी सावध. २०१८ च्या अपघातात पहिल्या दिवशी बसमध्ये ३४ जण असल्याच्या आणि ३३ दगावल्याच्या बातम्या होत्या. आकडा पुढे ३१ आणि ३० असा स्थिर झाला. बातमीदारांची, अधिकाऱ्यांचीही पहिल्या तासांत अशी तारांबळ उडते, तर फोनवर ऐकलेल्या आकड्याचं काय सांगावं! प्रत्येक जादा आकड्यामागे एखाद्या घरात चूल बंद झालेली असते. म्हणून पहिल्या दिवशी आकडा लिहू नये, नाव तर मुळीच नाही. मृताचं नाव घरच्यांना माणसाच्या तोंडून कळायला हवं, फोनच्या पडद्यावरून नव्हे. अपघातातून वाचलेल्याबद्दलही तर्क लढवू नयेत. तो कसा वाचला, गाडी कोण चालवत होतं, हे शोधायला पोलीस आहेत. मृतांच्या नातेवाइकांना चौकशी मागण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्याला चव्हाट्यावर निकाल लावण्याचा नाही.

त्याच २०१८ च्या जुलैत, १ तारखेला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात फिरत होते. अशा घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या निरोपांसाठी ते एका ठिकाणावर आणलं. निरोपाच्या डोक्यावर दोन बाण दिसले की समजावं, हा अनेक हातांतून आलाय, मूळ सांगणारा आपल्या ओळखीचा नाही. मी अशा निरोपाला एकच प्रश्न परत पाठवतो: ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं, त्याचं नाव काय?’ नाव मिळालं तर त्याला फोन लावतो. बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीलाच धागा तुटतो आणि निरोप तिथेच थांबतो. वाडीत अनोळखी फेरीवाला, बहुरूपी, वासुदेव दिसला तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्याशी चार शब्द बोला, पाणी विचारा. शंका राहिलीच तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन करा. फोटो टाकल्यानंतर काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही.

कायद्याचंही थोडं. सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचाही समान हेतू असावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे भीतीपोटी अ‍ॅडमिनपद सोडू नका. मात्र आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गमतीनं ‘धरण फुटलं’ लिहिणाऱ्या पोराच्या आईबापांना हे माहीत असावं.

आता ज्या दिवशी फोनच चालत नाही त्या दिवसाबद्दल. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच पावसात दरडी आल्या. महाडला पूर, रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली, रेंज गेलेली. मदतीची पथकं तळीयेला पोचली ती दुसऱ्या दिवशी. २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या तेव्हा खेड्यात मोबाइल फारसे नव्हतेच. सोळा वर्षांनी प्रत्येकाच्या खिशात फोन होता आणि ऐन वेळी तो मुका झाला.

म्हणून वाडीत कुठे उभं राहिलं की रेंज मिळते ती जागा सगळ्यांना ठाऊक हवी, आणि पावसात तिथवर जाणारी वाट ओढा ओलांडून जात नाही ना, हे पाहून ठेवा. नेट चालत नसलं तरी साधा एसएमएस कधी कधी जातो, तेव्हा तो आधी करून पाहा. आपल्या कंपनीची रेंज नसली पण दुसरीची असली, तर ११२ लागू शकतो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८. हे तिन्ही आणि तहसील, पोलीस ठाणे, वरच्या गावचा माणूस यांचे नंबर कागदावर लिहून देवळात आणि शाळेत लावा, कारण बंद फोनमधला नंबर पाठ कुणालाच नसतो. देवळाच्या भोंग्याला बॅटरी आहे का, तेही पाहा.

मुंबई-सुरतेच्या मंडळींना इथे एक कळकळीची विनंती. गावाकडे मुसळधार पाऊस आहे असं कळलं की तुम्ही सगळे एकदम फोन लावता. काळजी खरी असते, पण गावातले पाच चालू फोन त्यातच संपतात. त्यापेक्षा असं ठरवा: हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला गावातला एक ठरलेला माणूस मुंबईतल्या एका ठरलेल्या माणसाला ‘सगळे सुखरूप’ एवढाच एसएमएस करील. बाकीचे मुंबईतल्याला विचारतील. संध्याकाळी ७ पर्यंत काही आलं नाही, तर मुंबईतल्यानं जिल्ह्याच्या, म्हणजे अलिबागच्या, नियंत्रण कक्षाला आणि पोलादपूर किंवा महाडच्या तहसीलला कळवायचं: अमुक वाडी, इतकी घरं, शेवटची खबर सकाळी ८ ची. (१०७७ मुंबईतून लावला तर तिथल्याच कक्षाला लागू शकतो, म्हणून अलिबागचा पूर्ण नंबर आधीच घेऊन ठेवा.) गावातून खबर येत नाही, हीसुद्धा खबरच धरायची.

रोजगाराच्या बाजूनं हेच जाळं रोज उपयोगी पडतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम शोधणारी मुलं ‘जॉब’ नावाच्या पाच-सहा ग्रुपमध्ये असतात आणि तिथली जाहिरात एकाच वेळी हजार जण वाचतात. त्यापेक्षा वहीतल्या लांबच्या ओळखींना एकेकट्यानं लिहा: आयटीआयचे सर, आधीच्या ठेकेदाराकडचा सुपरवायझर, मावशीच्या नणंदेचा मुलगा. ‘काही काम असेल तर सांगा’ असं लिहू नका, त्याला उत्तर देता येत नाही. ‘मी फिटर ट्रेड पूर्ण केलाय, दीड वर्ष पंपांचं मेंटेनन्स केलंय, तुमच्या प्लांटमध्ये ठेक्यावर भरती कोण बघतं एवढं सांगाल का?’ याला दोन शब्दांत उत्तर देता येतं, म्हणून ते मिळतं. काम लागलं की त्या माणसाला कळवा. हे राहतं, आणि पुढच्या मुलासाठी ती वाट बंद होते. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा कुणीही असो, त्याला एक रुपया देऊ नका. दिले गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

कारखान्यात असणाऱ्यांनी आतले फोटो, रसायनांची नावं असलेले फलक, अपघाताची दृश्यं स्टेटसला लावू नयेत. नोकरी तर जातेच, शिवाय स्फोटाची अर्धवट बातमी आधी कामगारांच्या घरी पोचते. पण गळती किंवा धोका दिसला तर गप्पही बसू नका: सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्याची तारीख-वेळ स्वतःकडे ठेवा. बचत गटाच्या बायकांना नाचणीचे पापड, कोकम, तांदळाच्या फेण्या विकायला गावच्या ग्रुपचा उपयोग नाही, तिथे प्रत्येकीच्या घरी तेच वाळत असतं. मुंबईतल्या एखाद्या सोसायटीतली ओळखीची एक बाई मिळवा. तिच्या सोसायटीचा ग्रुप ही तुमची बाजारपेठ.

हे सगळं ठरवायला मे महिना चांगला. चाकरमानी गावी असतात, आंब्या-फणसांच्या निमित्तानं घराघरांत बैठक असते, आणि पाऊस अजून लांब असतो. मंडळाच्या सभेत हिशेब वाचून झाला की अर्धा तास मागून घ्या, वही मध्ये ठेवा आणि प्रत्येक नंबर तिथल्या तिथे लावून पाहा. निम्मे बदललेले निघतील. घाटमाथ्यावरच्या माणसाचा नंबर लागला की स्पीकरवर ठेवा, म्हणजे गाव त्याला ओळखेल आणि तो गावाला.